ग्रीक बैठक, दर गुरुवारी

पहिले सात महिने आम्ही वाईनचा एक थेंबही घेतला नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. तेव्हा हे एवढं एक वाक्य बोलायला मी साफ नकार दिला होता. नवऱ्याला ते हवं होतं, मंडळाला हवं होतं, माझ्या मैत्रिणींनाही हवं होतं. मी म्हटलं, नाही बोलणार. आजही कुणी त्याच सुरात विचारलं तर बोलणार नाही. पण आज मला कुणी विचारत नाहीये, मी आपणहून सांगते आहे, आणि या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पुण्यात मी चार वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. २००२ साली लेकीला घेऊन न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला आले ती नवऱ्याच्या व्हिसाला शेपटासारखी जोडलेली. त्या व्हिसावर बायकोला नोकरी करता येत नाही. फुकट काम मात्र कितीही करता येतं. शेजारच्या गावातल्या युनिव्हर्सिटीचं म्युझियम होतं, तिथे मी आठवड्यातून दोन दिवस शाळेच्या मुलांना ग्रीक दालन दाखवायला लागले. पगार नाही, पण गळ्यात माझ्या नावाचा बिल्ला होता. घरी आल्यावरही मी तो पटकन काढायचे नाही.

त्या दालनात मातीचे प्याले होते. पसरट, दोन कानांचे, बरेचसे फुटून जोडलेले. त्यांच्या बाहेरच्या अंगाला दोन मोठे डोळे रंगवलेले असत, म्हणजे पिणाऱ्याने प्याला तोंडाला लावला की समोरच्याला मुखवटा दिसणार. आतल्या तळाशी आणखी एक चित्र, ते प्याला रिकामा केल्याशिवाय दिसत नसे. एका प्याल्याच्या तळाशी एक माणूस चक्क ओकत होता आणि कुणीतरी त्याचं डोकं धरलं होतं. मुलांना तोच प्याला सर्वांत आवडायचा. मी त्यांना सांगायचे की या प्याल्यांतून लोक नुसते पीत नव्हते, विचार करायला शिकत होते. त्यावर मुलं अजून हसायची.

पण ते खरं होतं. ग्रीकांची ती बैठक म्हणजे सिंपोझियम. एका खोलीत सात, नऊ, फार तर अकरा-बारा कोच, भिंतीला लावून, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक जण दिसेल आणि ऐकू येईल. मधोमध एक मोठं भांडं, त्यात वाईन आणि पाणी एकत्र करायचं. निव्वळ वाईन पिणारा त्यांच्या लेखी रानटी. जमलेल्यांतला एक जण त्या बैठकीचा राजा. पाणी किती, वाईन किती, विषय कुठला, कोण चुकला तर त्याला काय शिक्षा, हे सगळं तो ठरवणार. मग प्याला डावीकडून उजवीकडे फिरणार आणि त्याच्यामागून बोलणं फिरणार. आपली पाळी आली की बोलायचंच, आणि दुसऱ्याची असेल तर गप्प बसायचं. मला वाटतं, त्या पाण्यातच सगळी अक्कल होती. घशाखाली हळूहळू उतरलं पाहिजे, म्हणजे बोलणं लांबपर्यंत शुद्धीवर राहतं.

बायकांना तिथे जागा नव्हती. भाड्याने आणलेल्या वाजवणाऱ्या बाया असत, त्यांना सोडून. इंग्रजी पुस्तकं त्यांना बासरीवाल्या म्हणतात, पण ते वाद्य दोन नळ्यांचं, आपल्या सनईच्या जातीचं. घरची बायको आत. ओतायला गुलाम. ज्या खोलीत हे चालायचं तिचं नावच पुरुषांची खोली.

आणि मला ती खोली चांगलीच माहीत होती. आमच्या मराठी मंडळात महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जेवण असायचं. आपापला एकेक पदार्थ घेऊन जायचं. बूट काढले की पुरुष खाली बेसमेंटमध्ये, मुलं वरच्या मजल्यावर आणि आम्ही मधल्या मजल्यावर, किचनमध्ये. खाली बाटल्या उघडल्या जात आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांवर चर्चा होई. वर आम्ही पुऱ्या तळत असू. 'तुझ्या भरल्या वांग्यात काय घातलंस गं?' हा प्रश्न मी दोन वर्षांत इतक्यांदा ऐकला की मला वांगं दिसलं तरी रडू यायचं. एकदा चकल्यांचं ताट घेऊन खाली गेले. तिथे साम्राज्यं का कोसळतात यावर एक गृहस्थ बोलत होते आणि एकूण एक चूक बोलत होते. मी तोंड उघडलं तर ते म्हणाले, "वहिनी, चकल्या एक नंबर!"

त्या वर्षी लॉनवर निवडणुकीच्या पाट्या लागल्या होत्या, म्हणजे २००४चा सप्टेंबर असणार. मी ठरवलं की बास झालं, आपली बैठक आपण घालायची.

आम्ही चौघी होतो. एक मुंबईची डेंटिस्ट, इथल्या परीक्षा पास होईपर्यंत दुसऱ्यांच्या दातांकडे नुसती बघत बसलेली. एक नागपूरची, तिथे प्रोग्रॅमर, इथे माझ्यासारखीच शेपूट. आणि चौथ्या काकू. काकू बासष्टीच्या. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, सत्तरच्या दशकात आलेले डॉक्टर आणि मंडळाचे अध्यक्ष. काकूंनी केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलंय हे आम्हाला चौथ्या बैठकीला कळलं. त्याआधी त्यांचं श्रीखंड तेवढं माहीत होतं.

दर गुरुवारी अकराला माझ्या अपार्टमेंटमध्ये जमायचं, तीन वाजता मुलांची स्कूल बस येईपर्यंत. कोच एकच होता, म्हणून चार गाद्या भिंतींना लावल्या. मधोमध माझं पुरणाचं पातेलं. पण वाईन घेणार कोण? काकूंचा गुरुवारचा उपास. डेंटिस्टला गाडी चालवायची. नागपूरकरणीने कधी चाखलीच नव्हती. मला चालते, पण तिघींसमोर एकटीने काय घ्यायची? मग काकूंनीच तोडगा काढला. द्राक्षाचा रस उपासाला चालतो! जांभळा गडद ज्यूस, त्यात तिप्पट पाणी. बैठकीची राणी दर वेळी वेगळी, आणि ती डावाने मोजून पातेल्यात पाणी घाली. अंगावर ठेवणीतली साडी, डोक्यात काय असेल ते फूल, आणि समोर पाणचट ज्यूस. हसायचं असेल तर खुशाल हसा. आम्हीही पहिल्या गुरुवारी पोट धरून हसलो होतो.

दुसऱ्या गुरुवारपासून हसू ओसरलं. विषय होता धैर्य. पाळी आली की बोलायचंच, हा नियम ऐकायला सोपा वाटतो. नागपूरकरीण दोन मिनिटं पातेल्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आमचे हे म्हणतात की..." तिथेच त्या दिवशीच्या राणीने तिला थांबवलं आणि आमचा स्वतःचा एक नियम झाला. 'हे म्हणतात' म्हणणारीने उभं राहून गाणं म्हणायचं. पहिल्या महिन्यात आमच्याकडे भरपूर गाणी झाली. नंतर कमी होत गेली.

एकदा विषय मैत्रीचा होता. काकू म्हणाल्या, "मला एक सांगा, मैत्री व्हायला दोघांकडे सारखा रिकामा वेळ लागतो की नाही? मला तीस वर्षांत इथे शंभर बायका भेटल्या. त्या माझ्या मैत्रिणी होत्या का ह्यांच्या मित्रांच्या बायका होत्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही." मग त्यांनी ते पुढे नेलं. पुरुष मित्र निवडतात आणि बायकांच्या वाट्याला ते येतात, मग वाट्याला आलेल्या माणसाशी केलेली मैत्री ही मैत्री की चांगली वागणूक? तासभर आम्ही त्यावर भांडलो. डेंटिस्ट म्हणाली की निवड ही नंतरही करता येते. मी म्हटलं की मग नवऱ्यालाही तेच लागू आहे. बस चुकता चुकता वाचली. इतिहासाच्या स्टाफरूममध्येही मी इतकं चांगलं बोलणं ऐकलं नव्हतं, आणि हे मी जराही फुगवून सांगत नाही.

ग्रीकांनी बायकांना बाहेर ठेवलं, मग त्यांचीच नक्कल कशाला, असं नवऱ्याने एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, आम्ही त्यांची पद्धत घेतली, पाहुण्यांची यादी नाही घेतली.

काकूंच्या घरी मात्र हे माहीत नव्हतं. गुरुवारी त्या पोथी वाचायला जातात असा काकांचा समज होता. काकू सकाळी घरून पोथी वाचूनच निघत, त्यामुळे त्यांना त्यात खोटं काही वाटत नसे. खोटं त्यांना खरोखरच जमत नसे.

एप्रिलमध्ये मी घोटाळा केला. तिघींना ई-मेल करायला बसले. पत्त्याच्या जागी पहिली दोन अक्षरं टाइप केली की कॉम्प्युटर उरलेला पत्ता आपणहून भरायचा. त्याने भरला तो मंडळाच्या ग्रुपचा, दोनशेच्या वर घरांचा. मी न बघता बटण दाबलं. मजकूर असा होता: "सख्यांनो, या गुरुवारी पानगोष्ठी आमच्याकडे. अकरापासून स्कूल बस येईपर्यंत प्यायचं आणि बोलायचं. विषय: लाज. या वेळी मी राणी आहे, मिश्रण कडक ठेवणार आहे, तयारीने या. नवऱ्यांना कळवायची गरज नाही."

दहा मिनिटांत पहिलं उत्तर आलं, कुणा विनोदी गृहस्थाचं, की आम्हीही येऊ का. त्यानंतर विनोद संपला. मुलांना बसमधून उतरवून घेणाऱ्या आया भर दुपारी पितात? आपली संस्कृती, पुढची पिढी, इथली पोलीस केस! एका ज्येष्ठांनी तर वेदकाळापासून सुरुवात केली. गंमत म्हणजे आदल्याच महिन्यात याच ग्रुपवर पुढच्या बैठकीला कुठली सिंगल मॉल्ट व्हिस्की आणायची यावर सहा ई-मेल झाले होते. तेव्हा संस्कृती कुठे बाहेरगावी गेली होती कोण जाणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नवरा ऑफिसातून आला तो हातात प्रिंटआउट घेऊनच. "यार, हे काय करून ठेवलंस? एक लाइनचं ई-मेल टाक ना. 'इट वॉज ग्रेप ज्यूस.' मॅटर क्लोज."

"आणि वाईन असती तर?"

"पण नव्हती ना!"

"असती तर तू काय म्हणाला असतास?"

त्याने प्रिंटआउटची घडी घालायला घेतली. तो वाईट माणूस नाही, नुसता शांतताप्रिय आहे, आणि त्या दिवसांत मला शांततेचा फार राग यायचा. लेक दारात उभी होती. म्हणाली, "आई, आर यू इन ट्रबल?" मी म्हटलं, "हो, आणि मी यातून पळणार नाही."

मी का अडून बसले ते सरळ सांगते. ज्यूस म्हटलं असतं, तर प्रश्न बरोबर होता असं मान्य केल्यासारखं झालं असतं. म्हणजे वाईन असती तर आम्ही गुन्हेगार. ज्यूस होता म्हणून चांगल्या घरच्या. बेसमेंटमध्ये कुणाच्या ग्लासात काय आहे हे आजवर कुणी तपासलं होतं? तिथे काय बोललं जातं याचंच कौतुक. आणि आम्ही सात महिने काय बोललो याची चौकशी दोनशे घरांतल्या एकाही माणसाने केली नव्हती.

पण माझ्या या ताठ्याचा त्रास बाकीच्यांना होत होता, हेही खरं आहे. नागपूरकरणीचा फोन आला. "तुझं प्रिन्सिपल वगैरे ठीक आहे, पण तिकडे नागपुरात माझ्या सासूबाईंपर्यंत पोचलंय. ज्यूसच तर होता यार, सांगून टाक ना!" डेंटिस्टच्या नवऱ्याने तिला यायलाच मनाई केली. मी म्हटलं, मी तुमची नावं घेणार नाही, फक्त मला ते वाक्य बोलायला लावू नका. दोघी चिडून का होईना, गप्प राहिल्या. काकूंचा तर फोनही आला नाही. मला त्यांचा राग आला होता, हे कबूल करते. दोन गुरुवार बैठक झाली नाही. दुसऱ्या गुरुवारी अकरा वाजता मी भिंतीला गादी लावून एकटीच बसले आणि रडले. त्या चार तासांपुरतं मला डोकं होतं, बाकी आठवडाभर नुसते हात. ते चार तास गेले तर परत वांगी आणि पुऱ्या. मला ते नको होतं, कुठल्याही किमतीला नको होतं.

मग काकांचा फोन आला. कार्यकारिणीची सभा आहे, रविवारी दुपारी तीनला, आमच्याच घरी, ये आणि खुलासा कर. नवरा बरोबर येतो म्हणाला. मी त्याला घरी ठेवलं.

काकांच्या दिवाणखान्यात सात जण होते, त्यांत एक बाई, सांस्कृतिक विभागाच्या. सोफे भिंतीला लावलेले, मधे काचेचं टेबल. काका मायेने बोलत होते आणि त्याचाच मला जास्त त्रास होत होता. "अगं, हे बघ, इथे कुणी तुला शिक्षा करायला बसलेलं नाही. तू मुलीसारखी. फक्त एवढंच सांग, ग्लासात काय होतं? आमची खात्री आहे की तसं काही नसणार. तू सांगितलंस की मी ग्रुपवर लिहून टाकतो आणि विषय संपला."

मी म्हटलं, "काका, आम्ही काय बोललो ते विचारा. सगळं सांगते."

"ते ठीक आहे गं. पण ग्लासात काय होतं?"

"ते नाही सांगणार."

"म्हणजे होती," खजिनदार म्हणाले.

"तुम्ही मागच्या शनिवारी काय घेतलीत, ते मी विचारलं का?"

खजिनदारांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सांस्कृतिक बाई खाली बघायला लागल्या. काकांनी सुस्कारा टाकला आणि म्हणाले, मग नाइलाज आहे, गणपतीच्या कार्यक्रमाचं तू करतेस ते निवेदन या वर्षी दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल, आणि बाकीच्या ज्या कुणी होत्या त्यांचीही नावं लागतील. मी म्हटलं, नावं मिळणार नाहीत. शेपूट घातली नाही.

तेवढ्यात काकू आतून चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्यांनी तो टेबलावर ठेवला नाही. ट्रे हातात धरूनच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझं नाव लिहा. मी होते."

काकांना वाटलं, काकू चहाबद्दल काही बोलताहेत. "काय?"

"दर गुरुवारी होते. हिच्याकडे."

"तू? अगं, तू पोथी..." काका थांबले. मग सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं, "तू घेतलीस?"

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. आता त्या खरं सांगणार. ज्यूस म्हणणार, सगळे हुश्श करणार, हसणार, चहा पिणार, आणि मी तीन आठवडे ज्याच्यासाठी भांडले ते चहाबरोबर संपणार.

"घेतली," काकू म्हणाल्या. "वाईनच होती."

मग खजिनदारांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कुठली?"

काकूंना एकही नाव माहीत नव्हतं. "लाल," म्हणाल्या. आणि ट्रे नवऱ्याच्या मांडीवर ठेवून बाहेरच्या दाराकडे गेल्या, चपला घातल्या. मीही उठले. काका दोन्ही हातांनी ट्रे सावरत बसले होते, त्यांना उठताच येईना.

बाहेर ड्राइव्हवेवर मी त्यांना गाठलं. "काकू, खोटं का बोललात? ज्यूस म्हणाला असतात तर तुमची तरी सुटका झाली असती."

"माझी नाही, त्यांची झाली असती." काकू म्हणाल्या. "लग्नाला छत्तीस वर्षं झाली. चारचौघांत ह्यांनी आज पहिल्यांदा मला काहीतरी विचारलं, आणि खरंच उत्तरासाठी थांबले. 'नाही' म्हटलं असतं तर परत पेपर वाचायला बसले असते गं."

मग त्या माझ्या गाडीत जाऊन बसल्या आणि सीट बेल्ट लावला. मी विचारलं, कुठे जायचं? पर्स घरातच राहिली होती, तिची त्यांना आठवणही झाली नाही.

"बाटली कुठे मिळते तिथे घेऊन चल," काकू म्हणाल्या. "मला खोटं बोलायची सवय नाही. संध्याकाळपर्यंत ते खरं करायला हवं."